पावसाळी नागपुरात पायी आणि स्वस्तात: दमट हवेतल्या भटकंतीची तयारी

नागपूर म्हटलं की लोक तयारी करतात ती मे महिन्याची. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, खोली कूलरची. आणि येतात मात्र जुलै ते सप्टेंबरमध्ये, कारण तलाव भरलेले असतात आणि लॉजवाल्याशी भावाची घासाघीस करता येते. मोबाइलवर ३१ अंश दिसतात, म्हणून भर दुपारी महाल हा जुना भाग पालथा घालायला निघतात. दुसऱ्या दिवशी मांड्या काचलेल्या, पायाच्या बोटांत चिखल्या, एकही कपडा धड वाळलेला नाही आणि अंगात कणकण. सुट्टीचा उरलेला वेळ खोलीत पडून जातो.

चूक तापमान बघण्यात आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडतो आणि अंग गार राहतं. पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं. घाम उडत नाही, नुसता ओघळतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. हवा ३२ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असली, तर शरीराला ते सुमारे ४० अंशांसारखं जाणवतं. म्हणून या दिवसांत सगळा बेत एकाच प्रश्नावर आखायचा: अंग, पाय, कपडे आणि खोली कधी आणि कशी वाळणार? पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. दिवस निवडा, पण पाऊस टाळण्यासाठी नको

विदर्भात जूनच्या मध्याच्या सुमारास मोसमी पाऊस येतो. जुलै-ऑगस्टमध्ये कधी दोन-तीन दिवस झड लागते, मग उघडीप मिळते. नवखे लोक उघडिपीचा दिवस पकडायला बघतात. चालण्यासाठी खरा त्रासाचा दिवस तोच असतो. झडीनंतर ऊन पडलं की भिजलेली जमीन वाफ सोडते, वारा पडतो आणि असा उकाडा होतो की सावलीतही अंग चिकचिकतं. ढगाळ, अधूनमधून भुरभुर पावसाचा दिवस पायी फिरायला कितीतरी बरा. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस कमी होतो आणि ऊन वाढतं. तेव्हा दुपारी चालायचा विचारही करू नका.

संत्र्यांसाठी येत असाल तर हा हंगाम नव्हे. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. ऑगस्टमध्ये संत्रा बर्फी मिळेल, बागेतलं ताजं संत्रं नाही.

*तपासा:* आदल्या रात्री आणि सकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर तलाव आणि नाग नदीकाठचा बेत रद्द. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ओव्हरफ्लो बघायला सांडव्याजवळ उभं राहणं ही हौस नाही, धोका आहे.

२. सामान: वाळेल तेच घ्या

तीन दिवसांसाठी २०-२५ लिटरची सॅक पुरते. मोठी बॅग म्हणजे जास्त कपडे, आणि इथे जास्त कपडे म्हणजे जास्त ओले कपडे.

कपडे निवडताना एक चाचणी घरीच करा. कपडा धुऊन, पिळून, रात्री पंख्याखाली टाका. सकाळपर्यंत वाळला तर घ्या, शिवण किंवा कंबरेची पट्टी ओलसर राहिली तर घरी ठेवा. या चाचणीत जीन्स कायम नापास होते, जाड सुती टी-शर्टही. पातळ सुती कुर्ता किंवा सैल शर्ट, हलक्या सिंथेटिक कापडाची पँट किंवा सलवार आणि अंतर्वस्त्रांचे चार जोड एवढं बस्स. वरचे कपडे तीन, खालचे दोन. अंतर्वस्त्रं मात्र कमी करू नका. घामोळ्या आणि खाज तिथूनच सुरू होते. ज्यांच्या मांड्या एकमेकींना घासतात त्यांनी आत गुडघ्यापर्यंतची घट्ट शॉर्ट घालावी किंवा निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली लावावी. काचल्यानंतर लावून उपयोग नाही, नुसतं झोंबतं.

टर्किशचा टॉवेल घरी ठेवा आणि दोन पंचे घ्या. एक अंग पुसायला, दुसरा कपडे पिळायला. दोन्ही रात्रीत वाळतात.

पायांत मागे पट्टा असलेले रबरी सँडल. कॅनव्हासचे बूट एकदा भिजले की दोन दिवस ओले राहतात, आणि ओल्या बुटात मोजा घालून फिरणं म्हणजे चिखल्यांना आमंत्रण. साध्या स्लिपरने पाठीवर चिखल उडतो आणि ओल्या फरशीवर पाय सटकतो. खोलीत आणि बाथरूममध्ये वापरायला मात्र स्लिपरचा वेगळा जोड हवाच, म्हणजे सँडल रात्रभर वाळतील.

छत्री की रेनकोट? नागपुरात छत्री. रेनकोटमध्ये पाऊस बाहेर राहतो, पण घाम आत साचतो. अर्ध्या तासात आतून तितकेच भिजता. कोकणासारखा छत्री उलटवणारा वारा इथे रोज नसतो. छत्री कापडी पिशवीत नको, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात.

सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला आणि तोंड पिळून बंद करा. बाहेरून घालायच्या रेन कव्हरमधून पाठीकडच्या बाजूने पाणी शिरतंच. मोबाइल, नोटा आणि ओळखपत्रासाठी झिपची वेगळी पिशवी. शिवाय पाच मीटर नायलॉनची दोरी, आठ चिमटे, ओआरएसची चार पाकिटं, बुरशीनाशक पावडर, डास पळवणारं मलम आणि जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रं कशाला, ते सातव्या पायरीत.

३. खोली: कूलरच्या नावावर पैसे देऊ नका

स्वस्त लॉज गणेशपेठ बसस्थानकाभोवती, सेंट्रल अव्हेन्यूवर आणि सीताबर्डीत मिळतात. तुमच्याकडे कन्फर्म किंवा आरएसी रेल्वे तिकीट असेल तर रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरीची चौकशी आयआरसीटीसीवर आधी करून बघा. खोली बघायला जाताना सॅक क्लोकरूममध्ये ठेवा; सॅक घेऊन दारात उभं राहिलं की भाव कमी होत नाही. क्लोकरूमला कुलूप लावलेलंच सामान घेतात, म्हणून छोटं कुलूप जवळ असू द्या.

आता सगळ्यात मोठी चूक. नागपुरात खोली दाखवताना ‘कूलर आहे’ हे मोठेपणाने सांगतात आणि त्याचे जास्तीचे पैसे धरतात. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा तो उत्तम चालतो. ऑगस्टमध्ये हवा वाफ घेतच नाही. खोली गार होत नाही. उलट चादर, उशी, कपडे सगळं दमट होतं. खोलीला कूलर असलाच तर त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. टाकीत पाणी साचलेलं दिसलं तर रिकामी करून मागा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तो दिवसा चावतो.

खोली ठरवण्यापूर्वी पाच मिनिटं काढा आणि या क्रमाने बघा. छताचा पंखा सर्वांत जोरात लावा. हवा पलंगापर्यंत पोचते का? खिडकी उघडते का, आणि ती बाहेर उघडते की बंद बोळात? भिंतीला पलंगाच्या उंचीवर हात लावा, ओल किंवा पोपडे असतील तर दुसरी खोली मागा. गादीचा कोपरा उचलून वास घ्या. बाथरूमचं पाणी वाहून जातं की साचतं, हेही बघा. वरच्या मजल्यावरची साधी खोली तळमजल्यावरच्या चकचकीत खोलीपेक्षा या दिवसांत नेहमीच कोरडी असते. फक्त थेट गच्चीखालची असेल तर छत गळत नाही ना, याची खात्री करा.

एसीचे पैसे एखाद्या रात्रीसाठी द्यावेत का? कपडे साचले असतील तर खुशाल द्या. एसी हवेतली ओल काढतो, एका रात्रीत सगळं खणखणीत वाळतं. तीन रात्रींच्या मुक्कामात दुसरी रात्र एसीची घेणं हा शहाणा खर्च आहे.

*तपासा:* चेक आउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? पहाटे पाचला पोचणाऱ्याला बाराच्या हिशेबात त्याच दुपारी दुसरा दिवस मोजला जातो. पैसे देण्याआधी विचारा, पावतीवर वेळ लिहून घ्या.

४. दिवस तीन तुकड्यांत कापा

पहाटे साडेपाच ते साडेनऊ चालायचं. दहा ते चार छपराखाली. साडेचार ते सात पुन्हा बाहेर. हा क्रम मोडणारेच दुपारी चक्कर येऊन बसतात.

पहाटे आर्द्रता सर्वांत जास्त असते हे खरं, पण ऊन नसतं आणि हवा २४-२५ अंशांवर असते. चालायचा वेग मात्र नेहमीपेक्षा कमी ठेवा: चाळीस मिनिटं चालणं, दहा मिनिटं बसणं. बसताना वारा लागेल अशी जागा शोधा. दमट हवेत नुसती सावली पुरत नाही, हलती हवा हवी. चहाच्या टपरीवरचा पंखा झाडाखालच्या पारापेक्षा जास्त उपयोगी.

मेट्रो ही या शहरातली सर्वांत स्वस्त गार जागा आहे. दोन मार्गिका आहेत: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ऑरेंज, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ॲक्वा. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. मार्गिका बदलताना स्थानकाबाहेर पडू नका, नाहीतर दुसरं तिकीट काढावं लागेल. अंग ओलंचिंब असताना मात्र थेट गार डब्यात बसू नका. आधी फलाटावर मान, छाती, पाठ पंच्याने पुसा, मग चढा. उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. गार काचेवर बाष्प धरतं. पंधरा-वीस मिनिटं तो सॅकमध्येच राहू द्या.

५. रस्ता: पहिल्या दिवसासाठी

*सकाळ.* कॉटन मार्केट मेट्रो स्थानकावर उतरा. पहाटे भाजी बाजाराची वर्दळ असते आणि खाली चिखल असतो, म्हणून कडेने चला. तिथून गांधीसागर, म्हणजे जुना शुक्रवारी तलाव. मग गांधी गेटमधून महालात शिरा आणि बडकस चौकापर्यंत या. पोहे इथेच खा. पुढे चितार ओळ. ऑगस्टमध्ये इथे गणपतीच्या मूर्तींचं काम जोरात असतं. मूर्तिकारांनाही याच दमट हवेशी झुंजावं लागतं, ओली माती लवकर सुकत नाही. त्यामुळे मूर्तीला हात लावायचा नाही आणि ओली छत्री आत न्यायची नाही. शेवटी सेंट्रल अव्हेन्यूवर येऊन चितार ओळ चौक स्थानकावरून मेट्रो पकडा. अंतर मोठं नाही, पण गल्लीबोळांत वारा नसतो, म्हणून साडेनऊची मर्यादा इथे कडक पाळा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा रस्ता धरू नका, किंवा फक्त त्यासाठीच धरा. त्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते आणि वाहनं बंद असतात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण घुसमट फार होते. मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर गर्दीच्या मधोमध न जाता आडव्या गल्लीच्या तोंडाशी थांबा, बाहेर पडायची वाट पाठीशी असू द्या.

*दुपार.* गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र किंवा सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला गावात अजबबंगला म्हणतात. संग्रहालय सोमवारी बंद असतं. जवळचा झिरो माइलचा स्तंभ जाता-येता बघून होतो, त्यासाठी वेगळी फेरी नको.

*संध्याकाळ.* दीक्षाभूमी किंवा तलाव, एका दिवशी एकच. दीक्षाभूमीला राहाटे कॉलनी स्थानकावरून ऑटो किंवा ई-रिक्षा करा. पायीही जाता येतं. चपला बाहेर काढाव्या लागतात, पावसात फरशी निसरडी असते. सावकाश चला आणि बाहेर आल्यावर पाय पुसूनच सँडल घाला. तलावांपैकी फुटाळ्यावर वारा चांगला मिळतो. अंबाझरी बघायचा तर लोकमान्य नगरकडे जाणाऱ्या मेट्रोतूनही तो दिसतो, ढगाळ संध्याकाळी विशेष सुंदर.

ऑटोत बसण्याआधी भाव ठरवा. ‘भाऊ, फुटाळ्याचे किती घ्याल जी?’ एवढं पुरतं. पाऊस कोसळत असताना भाव ठरवू नका. टपरीखाली दहा मिनिटं थांबलात तर भावही उतरतो आणि पाऊसही.

*सावधान:* विजा कडाडू लागल्या की कस्तुरचंद पार्कसारखं मोकळं मैदान, तलावाचा काठ आणि एकटं झाड सोडा आणि पक्क्या इमारतीत शिरा. साचलेल्या पाण्यातून वाट काढू नका. उघडं गटार दिसत नाही आणि खांबातून उतरलेली वीजही दिसत नाही.

६. पाणी आणि खाणं

तहान लागायची वाट बघू नका. चालताना दर वीस-तीस मिनिटांनी अर्धा पेला, दिवसभरात तीन ते चार लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामातून मीठ गेलेलं असतं. दुपारी एक लिटर ओआरएस घोट-घोट संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.

*तपासा:* लघवी फिकट पिवळी हवी. गडद असेल किंवा चार-पाच तास झालीच नसेल, तर पुढचा टप्पा रद्द करून बसा आणि प्या.

खाण्यात नियम एकच: उकळतं किंवा तव्यावरचं. सकाळी तर्री-पोहे उत्तम, पण तर्रीचं पातेलं चुलीवर खदखदत असलेली टपरी निवडा. वरून घालायला आधीच चिरून ठेवलेला कांदा नको म्हणा. दमट हवेत तो तासाभरात खराब व्हायला लागतो. तेच कापलेल्या फळांचं, बर्फाचं आणि हिरव्या चटणीचं. केळं सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त. सावजी जेवण जरूर जेवा, पण संध्याकाळची भटकंती संपल्यावर. दुपारी तिखट-तेलकट रस्सा जेवून चालायला लागलात तर घामाने बेजार व्हाल. आणि पहिल्यांदा जेवत असाल तर ‘तिखट कमी’ असं मागवायला लाजू नका.

७. खोलीवर परतल्यावरचा अर्धा तास

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात: दमून येतात, ओल्या कपड्यांत पलंगावर आडवे होतात. कितीही थकला असलात तरी हे आधी करा, याच क्रमाने.

सँडल दाराशी काढा, पाण्याने चिखल धुवा, पट्ट्यांत आणि तळव्यावर वर्तमानपत्राचे बोळे दाबून उभे ठेवा. बूट आणले असतील तर बोळे आत कोंबा आणि तासाने बदला. पहिले बोळे ओले होऊन बसतात, तेच रात्रभर ठेवले तर उपयोग नाही.

साध्या पाण्याने आंघोळ. साबण काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत, बाकी अंगाला थोडा. मग पंख्याखाली उभे राहून अंग पूर्ण कोरडं होऊ द्या. पायाची बोटं एकेक करून, पंच्याचं टोक बेचक्यात घालून पुसा. पावडर त्यानंतरच; ओल्या त्वचेवर पावडरचा लगदा होतो आणि तोच कुजतो.

दिवसाचे कपडे लगेच धुवा, कारण घाम सुकला की वास बसतो. पिळून झाल्यावर कपडा कोरड्या पंच्यावर पसरा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघा दाबा. पंचा पाणी ओढून घेतो, वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. दोरी बाथरूममध्ये बांधू नका. पंख्याच्या झोतात, भिंतीपासून हातभर दूर बांधा. दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर, पँट उलटी करून खिसे बाहेर. सकाळी दमट राहिलेला कपडा अंगात घालू नका, राखीव जोड त्यासाठीच आहे.

मोबाइल भिजला असेल तर चार्जिंगला लावू नका. चार्जिंगचं भोक खाली करून हलके झटका, पंख्यासमोर ठेवा आणि थांबा.

८. बिघडलं तर

चिखल्यांसाठी बेचकं कोरडं ठेवणं आणि क्लोट्रिमाझोलचं साधं मलम. खाज थांबली म्हणून दोन दिवसांत सोडू नका, साधारण दोन ते चार आठवडे लावावं लागतं. औषधाच्या दुकानात ‘खाजेची क्रीम’ म्हणून स्टेरॉइड मिसळलेली मलमं सहज हातात देतात. त्याने दोन दिवस आराम पडतो आणि मग गजकर्ण जास्त पसरतं. नळीवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे शब्द दिसले तर परत करा.

घामोळ्यांवर तेल किंवा दाट क्रीम चोपडू नका, छिद्रं आणखी बंद होतात. गार पाणी, सैल कपडा, वारा.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, खूप घाम: चालणं तिथेच थांबवा. पंख्याखाली आडवं करा, पाय थोडे वर, मान-काखेत ओला पंचा आणि जोरात वारा. नुसता ओला कपडा गुंडाळून ठेवला तर दमट हवेत तो गरम होतो, वारा हवाच. माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपली किंवा अंग भाजल्यासारखं तापलं, तर तोंडातून काही देऊ नका, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहा. सरकारी रुग्णालयं दोन मोठी: स्टेशनपासून जवळ मेयो, दक्षिणेला मेडिकल. ऑटोवाल्याला एवढी नावं पुरतात.

ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूची लक्षणं डास चावल्यापासून चार ते दहा दिवसांनी दिसतात, म्हणजे बहुधा घरी पोचल्यावर. तेव्हा डॉक्टरांना नागपूरला जाऊन आल्याचं आणि तारखा आवर्जून सांगा.

निघायच्या दिवशी ओले कपडे वेगळ्या पिशवीत भरा, पण पिशवीचं तोंड बांधू नका. गाडीत चढल्यावर ती वरच्या बर्थच्या हुकाला अडकवा. आणि लॉज सोडण्यापूर्वी दोरी सोडून घ्या. पंख्याच्या झोतात बांधलेली असल्याने ती हमखास विसरली जाते.